वहिनींच्या ट्रकचा खालचा सूर

ट्रकचं इंजिन सुटं होऊन जुन्या चादरीवर पसरलं होतं आणि सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध कॅमशाफ्ट आडवा ठेवला होता. दिराने तो उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, त्याच्या एका उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "गेला हा. झिजून सपाट झालाय. नवा घासून घ्यावा लागणार. वहिनी, तुमचं नशीब उघडलं."

"इंजिन उघडलंत तेवढं पुरे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "नशीब राहू दे बंद."

वहिनी खरं तर एकट्या या दिराच्या. पण धक्क्यावर मुकादमांपासून रंगाऱ्यांपर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. नवरा जहाजावर स्वयंपाकी. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर. वहिनींचं काम पाण्यातल्या वस्तू जमिनीवर आणायचं. बोटींचे तळ खरवडणं, फळ्या बदलणं, रंग देणं हे सगळं धक्क्याच्या वरच्या मैदानात चालायचं, आणि तिथवर पोचायला एकच वाट होती: थेट पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. चाकांची ट्रॉली पाण्यात सोडायची, बोट तिच्यावर बसवायची आणि वहिनींच्या जुन्या पेट्रोल ट्रकने ते सगळं ओढून वर काढायचं.

अडचण सुरुवातीलाच यायची. बोट पाण्यात असते तोवर हलकी. ती पाणी सोडायला लागली की सगळं वजन ट्रकवर येतं, आणि नेमकं तिथेच इंजिन मान टाकायचं. ते बंद पडू नये म्हणून वहिनी ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाला ओरडत ठेवायच्या आणि क्लच धड दाबायच्या नाहीत, धड सोडायच्याही नाहीत. अशा अर्धवट क्लचवर ट्रक सरकत सरकत वर यायचा. क्लचच्या पट्ट्यांचा वास मैदानभर पसरायचा आणि वहिनींचा डावा गुडघा रात्रभर ठणकायचा.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी पायाचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं, "क्लच दाबा आणि सोडा, माझी हरकत नाही. मध्येच धरून ठेवणार असाल तर माझ्याकडे येऊ नका, सुताराकडे जा."

ही गोष्ट मुकादमांच्या कानावर गेली. माणूस वाईट नव्हता. वहिनींना लंगडताना बघून त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांनी ठरवून टाकलं की सीझनची पहिली बोट वहिनी काढतील. गुडघा न दुखवता निघाली, तर स्टिअरिंग त्यांचं. नाही निघाली, तर एक दुसरा ड्रायव्हर बघून ठेवलाय. वहिनींनी पावत्यांच्या खिडकीत बसायचं. खिडकीत पंखा होता, खुर्चीला गादी होती, समोरून येणारे-जाणारे दिसायचे. ती खुर्ची नुसती बघूनच वहिनींना घाम फुटायचा.

म्हणून या कॅमशाफ्टचं महत्त्व. इंजिनाच्या पोटात फिरणारा हा दांडा. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात आणि ते इंजिनाच्या झडपा उघडतात. उंचवटा रुंद घासला की झडप जास्त वेळ उघडी राहते. मग जोरात फिरताना इंजिन छाती भरून श्वास घेतं, पण हळू फिरताना घेतलेला श्वास परत बाहेर टाकतं आणि गुदमरतं. अरुंद घासला की उलटं होतं. खाली भरपूर ओढ, वर गेल्यावर धाप. दोन्ही सुखं एका दांड्यात मिळत नाहीत. एक निवडावं लागतं.

दिराची निवड केव्हाच झाली होती. तो एकेकाळी छोट्या गाड्या शर्यतीत पळवलेला माणूस. इंजिन कसं आहे हे तो आवाजावरून ठरवायचा, आणि त्याच्या मते आवाज एकाच प्रकारचा चांगला असतो: मोठा.

"रुंद घासायचा," तो म्हणाला. "उभी असताना कशी घुमेल बघा. घुड-घुड, घुड-घुड! लोक वळून बघतील."

"लोकांनी वळून बघून काय करायचंय? बोट वर यायला हवी."

"येईल की! ताकद आहे म्हटल्यावर येणार नाही?"

वहिनींनी कॅमशाफ्ट कापडात गुंडाळला. "चला, जी घासणार तिलाच विचारू."

सासूबाई तयारच होत्या. त्या शाळेत गाण्याच्या बाई होत्या, आता निवृत्त. घरातून कोणीही कुठेही निघालं की त्यांची पर्स आधी दारात पोचलेली असायची.

कॅमशाफ्ट घासून देणाऱ्या बाईंना सगळे कॅमताई म्हणत. दुकानात एक भलंमोठं मशीन, भिंतीवर नमुन्याचे दांडे ओळीने टांगलेले, आणि मशीनच्या वर पाटी: 'अंदाजे काम होत नाही.' कॅमताईंनी झिजलेला दांडा उलटसुलट केला, दोन-तीन ठिकाणी मापला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कोरा दांडा आहे माझ्याकडे. बोला, कुठल्या आरपीएमवर ओढ हवी?"

"जास्तीत जास्त," दीर म्हणाला.

"जास्तीत जास्त हा आकडा नाही. माझ्या मशीनला आकडा लागतो. बोट पाण्यातून सुटते तेव्हा इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं?"

दिराने मान खाजवली.

"गाडीत काटा असेल ना आरपीएमचा?"

"होता," वहिनी म्हणाल्या. "तो बंद पडला म्हणून काढून टाकला. त्या भोकात मी छोटा पंखा बसवलाय. फार गरम होतं हो केबिनमध्ये."

"बरं. मग इंजिन चालू करा, बोटीला जोडा, मोजा आणि या. मापायचं यंत्र मी देते."

वहिनींनी दिराकडे बघितलं. दीर भिंतीवरचे दांडे मोजायला लागला.

"इंजिन चादरीवर आहे," वहिनींनी सांगितलं.

"विचारायच्या आधीच उघडलंत?"

"याचं लहानपणापासून असंच," सासूबाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "खेळणं आणलं की आधी उघडायचा. मग तुकडे घेऊन माझ्याकडे यायचा, आई, हे चालत कसं होतं?"

"आई, इथे कशाला?"

"मग कुठे सांगू? घरी सगळ्यांना माहीत आहे."

कॅमताईंनी झिजलेला दांडा परत कापडात गुंडाळायला घेतला. सगळे उंचवटे झिजून गेलेले, त्यामुळे जुन्या मापावरूनही काही कळायला मार्ग नव्हता. आता दुकानातून बाहेर पडायचं आणि दिराच्या अंदाजावर विसंबायचं, एवढंच उरलं. वहिनींना डोळ्यांसमोर गादीची खुर्ची दिसली.

"आकडा मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण आवाज माहीत आहे. मी रोज त्याच्याबरोबर गुणगुणते. आवाज तुटला की बोट मागे येते, म्हणून तो धरून ठेवायची सवयच लागलीय."

"काढा बघू," कॅमताई म्हणाल्या. त्यांनी ते थट्टेनेच म्हटलं होतं.

वहिनींनी डोळे मिटले. डावा पाय नकळत पुढे गेला, उजवा किंचित दबला, हात हवेतल्या स्टिअरिंगवर आले. ओठ मिटून त्यांनी एक लांब, जाडसर हुंकार लावला. तो हलला नाही, वर-खाली झाला नाही. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

"पांढरी एक," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"पियानोवरची पांढरी एक पट्टी. तोच सूर आहे हा. किंचित उतरतोय. अगं, पोटातून काढ, घशातून नको."

त्यांनी पर्समधून पोलादाचा छोटा नादकाटा काढला, आपटला की एकच सूर देणारा दोन दातांचा चिमटा. शाळेत सूर द्यायला वापरायच्या तो; निवृत्तीच्या निरोपात बाकी सगळं परत केलं, हा मात्र पर्समध्येच राहून गेला होता. गुडघ्यावर आपटून त्यांनी त्याचं बूड मशीनच्या टेबलावर टेकवलं. सगळं टेबल गुणगुणायला लागलं, आणि तो सूर वहिनींच्या सुराला बिलगला.

कॅमताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. चिमट्यावर सेकंदाला किती कंपनं तो आकडा कोरलेला होता. त्यांनी खडू घेतला. "थांबा, थांबा. सहा सिलेंडर. इंजिनाच्या एका फेऱ्यात तीन धडाके. त्या धडाक्यांचाच हा सूर. म्हणजे धडाक्यांवरून फेरे काढता येतील." मशीनच्या पत्र्यावर त्यांनी हिशेब मांडला आणि उत्तराकडे बघत राहिल्या. "पाच हजारांच्या वर आलं. या इंजिनाने पाच हजार घेतले तर पिस्टन रस्त्यावर येऊन पडतील."

दिराचा चेहरा मात्र उजळला.

"अहो, ती बाई आहे, इंजिन नाही," सासूबाई म्हणाल्या. "इंजिनाचा खर्ज तिच्या गळ्याला कसा लागेल? सूर तोच, पण ती वरच्या सप्तकात गातेय. एक सप्तक खाली आणा. आकडा निम्मा होईल."

"सव्वीसशे," कॅमताई म्हणाल्या.

"बघा! मी काय म्हणत होतो?" दीर म्हणाला. "सव्वीसशे म्हणजे रुंद!"

"नाहीतर दोन सप्तकं खाली. मग त्याच्याही निम्मा."

"तेराशे. म्हणजे अरुंद. यातलं खरं कुठलं?"

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं.

"मला काय माहीत किती सप्तकं? मी आपली बरोबरीने गुणगुणते."

"सव्वीसशेच असणार," दीर म्हणाला. "केवढं ओरडतं ते!"

"अंदाजे काम होत नाही," कॅमताईंनी वर न बघता पाटीकडे बोट केलं.

वहिनींनी पाटी वाचली. मग म्हणाल्या, "ठोकळेभाऊंना विचारू."

"त्यांना गाणं कळतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. पण चालता येतं."

कॅमताईंनी दुकान बंद केलं आणि त्यासुद्धा धक्क्यावर निघाल्या. एवढं ऐकल्यावर मागे राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

ठोकळेभाऊ हे ट्रकच्या मागच्या चाकाशेजारून चालणारे गृहस्थ. हातात लाकडाचा मोठा ठोकळा. ट्रक मागे घसरला तर तो चाकामागे सरकवायचा, एवढंच त्यांचं काम, आणि ते ते मन लावून करत. अंगाने भरलेले, चेहऱ्याने शांत. चाक जेवढं चालेल तेवढेच ते चालत, एक इंच पुढे नाही की मागे नाही. वहिनींचं म्हणणं सरळ होतं. ट्रकमधलं इंजिन बाहेर असलं तरी ठोकळेभाऊंच्या पायातला वेग कोणी काढून घेतलेला नाही. त्या वेगावरून चाकाचे फेरे कळतील आणि चाकावरून इंजिनाचे.

दिराला हे पटलं, आणि हिशेबात तो कच्चा नव्हता. त्याने दोरीने चाकाचा घेर मापला, केबिनमधल्या पट्टीवरून पहिल्या गिअरचे आकडे उतरवले आणि एका उपड्या पिंपावर बसून, अर्धवट क्लच घसरतो त्याची सूट धरून, गणित मांडलं. "सव्वीसशे असतील तर ठोकळेभाऊंना जवळपास पळावं लागेल. तेराशे असतील तर रमतगमत. चला, भाऊ, चाला."

ठोकळेभाऊ उताराच्या तळाशी उभे राहिले, ठोकळा काखेत. त्यांनी इंजिन काढल्यापासून तिथेच उभ्या असलेल्या रिकाम्या ट्रकच्या चाकाकडे बघितलं. चाक हललं नाही, म्हणून तेही हलले नाहीत.

"चाला ना!"

"आवाज कुठाय?" ठोकळेभाऊंनी विचारलं. "आवाज आल्याशिवाय माझा पाय उचलत नाही."

वहिनी केबिनमध्ये चढल्या. क्लच दाबला, गिअर टाकला, समोर बघितलं आणि तोच हुंकार लावला. ठोकळेभाऊंचा पाय उचलला गेला. ट्रक जागच्या जागी, आत एक बाई इंजिनासारखी घुमतेय, आणि एक माणूस न फिरणाऱ्या चाकाजवळून निघून गंभीर चेहऱ्याने उतार चढतोय, हे बघायला रंगारी ब्रश घेऊन शिड्यांवरून उतरले. कॅमताई हातातल्या घड्याळाकडे बघत ठोकळेभाऊंच्या मागून चालल्या. सासूबाईंनी हाताने ठेका धरला.

"वहिनी, गिअर बदला!" एक रंगारी ओरडला.

"आधी हॉर्न वाजवून दाखवा!" दुसरा.

वहिनींनी हुंकार न तोडता खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना गप्प केलं.

ठोकळेभाऊ वर पोचले. कॅमताईंनी वेळ सांगितला. दिराने गणित केलं, खोडलं, परत केलं.

"जरा झपाझप चालून बघता का, भाऊ?" त्याने विचारलं. "नीट आठवा. बोट असते तेव्हा घाई असते."

"घाई तुम्हाला असते. माझ्या लग्नाला मी याच चालीने गेलो होतो. बायको अजून ऐकवते."

"काय रे, काय आलं?" सासूबाईंनी मुलाला विचारलं.

"तेराशे," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांग. मघाशी सव्वीसशे मोठ्याने म्हणत होतास."

"तेराशे! तेराशे आलं, आई!"

रंगाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमताईंनी आकडा तळहातावर लिहिला. "झालं तर. तेराशेला ओढ भरते आणि मोकळी होते."

"थांबा," वहिनी केबिनमधून म्हणाल्या.

त्या खाली उतरल्या नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होत्या. आतापर्यंत सगळे एक आकडा शोधत होते आणि तो सापडला होता. पण पाय पेडलवर ठेवून तो सूर लावताना त्यांना डावा गुडघा जाणवला होता. इंजिन नसताना, बोट नसताना, तो तसाच अर्धा वाकून ताणून बसला होता.

"हा आवाज मला आवडतो म्हणून मी काढत नाही," त्या म्हणाल्या. "इंजिन मरेल या भीतीने काढते. क्लच अर्धा धरते तो या आवाजासाठीच. तुम्ही याच आवाजाला ओढ दिलीत, तर मी जन्मभर हाच आवाज काढत बसेन, आणि गुडघा असाच."

"मग कुठला हवा?" कॅमताईंनी विचारलं.

वहिनींनी परत सुरुवात केली. पांढरी एक. मग त्यांनी डावा पाय हळूहळू वर घ्यायला सुरुवात केली आणि पायाबरोबर सूर खाली आणला. खाली, आणखी खाली. आणि एका जागी पोचल्यावर त्या खोकल्या, सबंध अंगाने हादरल्या आणि गप्प झाल्या. ट्रक बंद पडताना अगदी तसाच हादरायचा. ठोकळेभाऊंनी सवयीने ठोकळा चाकामागे सरकवला.

हशा ओसरल्यावर वहिनी म्हणाल्या, "ते खोकतं ना, तिथे. क्लच पूर्ण सोडला की ते तिथे येतं आणि मरतं. तिथे ते जगलं, तर मला काही धरून ठेवायला नको. पाय काढून घेता येईल."

"पांढरी पाच," सासूबाई म्हणाल्या. "मंद्रातली."

दिराने हिशेब केला. "हजाराच्याही खाली? वहिनी, तिथे इंजिन झोपलेलं असतं!"

"मग झोपेत ओढू दे."

कॅमताई आता गंभीर झाल्या. "देता येईल. पण आधी सांगून ठेवते, नंतर भांडायला यायचं नाही. इतक्या खाली ओढ आणली की वरचं सगळं गेलं. मोकळ्या रस्त्यावर सायकली तुमच्या पुढे निघून जातील, आणि सायकलवाले मागे वळून हसतील."

"मी मोकळ्या रस्त्यावर जातेच कुठे? पाणी ते मैदान."

"आवाजही गरीब होईल."

हे ऐकून दिराने पिंपावरून उठून चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे केली. "वहिनी, एकदा विचार करा. पहिल्या बोटीला सगळा धक्का जमेल. इंजिन मेल्यासारखं वाजलं तर माझी काय अब्रू राहील?"

"भाऊजी, ट्रक कोण चालवतं?"

"तुम्ही."

"गुडघा कोणाचा?"

"तुमचा."

"मग कॅम कोणाचा?"

दिराने रंगाऱ्यांकडे बघितलं, कॅमताईंकडे बघितलं. "आईचा," तो म्हणाला. "सूर तिने काढून दिलाय."

कॅमताईंनी तळहातावरचा आकडा पुसला आणि नवा लिहिला.

दांडा घासून आला तेव्हा दिराने तो बराच वेळ हातात धरून बघितला. उंचवटे बारीक, नेटके. त्याच्या दृष्टीने अगदीच मिळमिळीत. पण बसवताना त्याने कसर ठेवली नाही. दाताला दात जुळवला, खुणेला खूण लावली, प्रत्येक झडपेची फट दोनदा तपासली. निवड हरला होता, काम नाही. इंजिन ट्रकमध्ये गेलं, तेल भरलं आणि पहिल्या बोटीच्या सकाळी वहिनींनी किल्ली फिरवली.

इंजिन लगेच सुरू झालं, आणि कोणालाच ते कळलं नाही.

मुकादम जवळ आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "चालू आहे?"

"आहे," दीर जमिनीकडे बघून म्हणाला.

"शिलाई मशीन वाटतंय."

"वहिनी, माझं परकर-पोलकं शिवून द्या!" शिडीवरून आवाज आला. एवढी गर्दी असताना दिराला कुठे तोंड लपवावं कळेना. दुसरा ड्रायव्हर, ज्याला स्टिअरिंग मिळायचं होतं, तोही आला होता. सज्जन माणूस, तो कान देऊन ऐकत होता आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता, आणि त्यामुळेच सगळं दिसत होतं.

दीर केबिनच्या पायरीवर चढला. "अजून वेळ आहे. मी मुकादमांना सांगतो, तेल गळतंय. परत उघडू, रुंद घासून आणू."

"उतरा खाली, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. पण हा आवाज त्यांच्याही ओळखीचा नव्हता. इतकी वर्षं बरोबरीने घुमणारं जनावर कोणीतरी नेऊन तिथे मांजर बांधलं होतं.

बोट मोठी होती. मासेमारीची, लाकडी, रुंद पोटाची. वर्षभर पाण्यात राहून तळाला शिंपल्यांचा जाड थर. ट्रॉली तिच्याखाली गेली, पट्टे आवळले, साखळी ट्रकला लागली. ठोकळेभाऊ चाकाजवळ उभे राहिले. मुकादमांनी हात वर केला.

वहिनींनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू पाय वर घ्यायला सुरुवात केली. साखळी ताठ झाली. बोट सरकली, पाण्यात होती तोवर निमूट आली, आणि मग जिथे नेहमी यायचं तिथे वजन आलं. ट्रकची मागची बाजू दबली. इंजिनाचा आवाज खाली गेला. त्यांचा उजवा पाय सवयीने दाबायला निघाला आणि डावा परत क्लचवर रेलायला लागला. सगळं अंग सांगत होतं, धर, अर्धा धर.

त्यांनी डावा पाय उचलला. पूर्ण उचलला आणि केबिनच्या तळावर ठेवला.

आवाज आणखी खाली उतरला. पांढरी पाच आली. वहिनी खोकल्याची वाट बघत राहिल्या. दात आवळलेले, हात स्टिअरिंगवर घट्ट. पांढरी पाच गेली, सूर तिच्याही खाली उतरला. इतका खाली की धडाके सुटे सुटे मोजता यावेत. आणि तिथे इंजिन थांबलं नाही. ते तिथे बसलं, पाय रोवून, आणि ओढायला लागलं.

ठोकळेभाऊंनी पाऊल उचललं.

बोटीचं नाक पाण्यातून वर आलं. मग छाती, मग ते भलंमोठं पोट. पाणी दोन्ही बाजूंनी धो-धो गळायला लागलं, शेवाळाच्या लांब झिपऱ्या लोंबायला लागल्या. इंजिन ओरडत नव्हतं, क्लचचा वास नव्हता, ट्रक हिसके देत नव्हता. वजन चढत होतं आणि ट्रक ठोकळेभाऊंच्या बरोबरीने, किंवा ठोकळेभाऊ ट्रकच्या बरोबरीने, उतार चढत होते. इतकी शांतता होती की तळाच्या शिंपल्यांमधून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. ब्रश हातात घेऊन उभ्या रंगाऱ्यांनी श्वास रोखला होता. आणि मग केबिनमधून हसण्याचा आवाज आला. वहिनी एकट्याच हसत होत्या, मोठ्याने, डावा पाय तळावर आपटत.

"पाय बघा!" त्या खिडकीतून ओरडल्या. "भाऊजी, माझा पाय बघा! रिकामा आहे!"

दीर ट्रकशेजारून उलटा चालत होता. त्याला पाय दिसत नव्हता, पण तो "बघितला, बघितला!" म्हणत होता. मग तो मुकादमांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "ऐकलंत? याला म्हणतात आवाज!"

"कुठला आवाज?" मुकादमांनी विचारलं. "मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर!"

मैदानात बोट उभी राहिली. ठोकळेभाऊंनी ठोकळा चाकामागे लावला आणि वाटेत तो एकदाही लागला नाही याची नोंद घेतल्यासारखी मान हलवली. दुसरा ड्रायव्हर पुढे आला. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, क्लचचा वास घेऊन बघितला, तो नव्हता. "वहिनी, मला ही नको," तो म्हणाला. "तुमच्यासारखं काही न करता बसून राहायला मला जमणार नाही. मी पट्टे आवळतो."

मुकादमांनी घसा खाकरला. "गुडघा कसा आहे?"

"विसरले होते. तुम्ही विचारलंत म्हणून आठवला."

"मग थोडा आराम करा. आज एक बोट झाली, पुष्कळ झालं. बाकीच्या उद्या."

"आराम करायला ती खिडकी आहे ना? तिथे कोणाला तरी बसवा," वहिनी म्हणाल्या. "इकडे पुढची बोट लावा."

कॅमताईंनी दुकान परत बंद ठेवलं होतं आणि त्या कोणाला तरी रुंद-अरुंद समजावून सांगत होत्या. गर्दीतून वाट काढत सासूबाई ट्रकपाशी पोचल्या. त्यांनी पर्स आधी केबिनमध्ये टाकली, मग वर हात केला.

"सूनबाई, मला वर घे."

"आई, आत फार गरम होतं."

"होऊ दे. तिकडून नीट ऐकू येत नाही. पांढरी पाचच्या खाली गेला होता सूर, चांगला खाली. मला बघायचंय कुठे जाऊन बसतो."

वहिनींनी त्यांना वर ओढून घेतलं, छोट्या पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि ट्रक पाण्याच्या दिशेने मागे घेतला.